सोवळ्यातली वीज

माझ्या सासूबाईंचा मोबाइल सोवळ्यात होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जे काही केलं त्याबद्दल कुणी मला एकट्यालाच वेड्यात काढणार नाही.

आम्ही मैलापूरला राहतो. मी मूळचा साताऱ्याकडचा. रेल्वेच्या सिग्नल खात्यातल्या नोकरीनं मला मद्रासला आणून टाकलं, आणि मद्रासचं चेन्नई झालं तरी मी होतो तिथंच राहिलो. बायको तंजावरच्या मराठी घरातली. तिची आई, म्हणजे अम्मा, ऐंशी पार केलेल्या, गेली कित्येक वर्षं आमच्याकडे असतात. सकाळी अंघोळ करून, आदल्या दिवशी उंच काठीवर एकटं वाळत घातलेलं रेशमी नऊवारी त्या नेसल्या, की नैवेद्य होऊन जेवण उरकेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. या सोवळ्याला आमच्या घरात मडी म्हणतात. मी अंघोळीआधी चहा पितो, पेपर वाचतो, चपला सरकवून दूध आणतो. त्यांच्या दृष्टीनं मी म्हणजे चालतंबोलतं ओवळं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर एक फरशी ठरलेली आहे, तिथं उभं राहून मी बोलतो.

अशा बाईंच्या स्वयंपाकघरात मोबाइल शिरला तो त्यांच्या थोरल्या बहिणीपायी. या अक्का तंजावरला आपल्या लेकीकडे राहतात. त्यांची आठवण हळूहळू पुसत चालली होती. लेकीला त्या 'ही बाई कोण, फार चांगली आहे' म्हणायच्या. नवरा गेल्याचं रोज नव्यानं सांगावं लागे, म्हणून मग सांगणंच बंद केलं होतं. पण धाकटी बहीण त्यांच्या पक्की लक्षात होती आणि सकाळचे आठही लक्षात होते. आठ वाजता त्या फोनवरचं एकच बटण दाबत. इकडून अम्मांनी घेतला की पहिला प्रश्न ठरलेला.

"मडींत आहेस की नाहीं?"

"आहे, अक्का. मडींतच आहे."

मग काय शिजवलं, चिंच किती घातली, मीठ बघितलं की नाही, असं सगळं व्हायचं. नैवेद्य झाला की अम्मा म्हणायच्या, "आतां जेव." आणि तिकडं अक्का जेवायच्या. हे 'आतां जेव' आलं नाही तर त्या ताटाला हात लावत नसत. लेकीनं भरवून पाहिलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. अक्का तोंड मिटून फोनकडे बघत बसायच्या. एकदा फोन मध्येच बंद पडला, तर संध्याकाळपर्यंत दाराशी बसून होत्या, पाण्याचा घोटही घेतला नाही.

दुसऱ्या फोनवरून बोलायची सोय नव्हती. खोटे फोन करून म्हाताऱ्यांना फसवणाऱ्यांच्या भीतीनं लेकीनं अक्कांचा फोन असा करून ठेवला होता की अम्मांचा नंबर सोडून दुसरा त्यावरून लागतही नाही आणि त्यावर येतही नाही. लेकीच्या फोनवर लावून दिला तर अक्का तो उशीखाली ढकलत; तो फोन त्यांचा नव्हता. अम्मांना आम्ही नवा फोन घेऊन दिला होता. त्यावर बोट डावीकडं की उजवीकडं फिरवायचं या घोळात त्यांनी एका सकाळी अक्कांना तीनदा कापलं. तो नवा फोन अजून कपाटात आहे, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

तर जुनाच फोन. त्याची बॅटरी टिकेना तेव्हा मी रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुप्पट मोठी बॅटरी आणली. तिच्यासोबत तिच्याच मापाचं फुगीर पाठकव्हर आलं. फोनला ढेरी सुटली, पण दिवस निघू लागला. रात्री बायको तो चार्ज करायची आणि पहाटे अम्मा ओल्या फडक्यानं पुसून, वरून तुळशीचं पान फिरवून सोवळ्यात घ्यायच्या. ओल्या फडक्याला माझा विरोध होता. तुळशीला नव्हता.

पुढं अक्का एकच गोष्ट तीनतीनदा सांगू लागल्या आणि आठचा फोन अकरापर्यंत चालू लागला. मोठी बॅटरीही म्हातारी झाली. साडेदहाच्या सुमाराला फोन कुंईकुंई करायचा आणि अम्मा भाजी ढवळता ढवळता घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या. मी माझ्या फरशीवरून म्हणालो, "अम्मा, बोलता बोलता वायर लावा. मी टोक पुढं करतो, तुम्ही फक्त खुपसा."

"तें वायर मज नको," अम्मा म्हणाल्या. "तें भिंतींतून येतें. भिंतीला कोण कोण हात लावूलालें, मज काय ठाव? पलीकडचे लोक चिकन करतात."

"अहो, मग आवाज कुठून येतो? तो कुठं कुठं शिवून येतो!"

"आवाज वाऱ्यावर येतो. वारा कधीं ओवळा होत नाहीं."

तीस वर्षं ज्यानं सिग्नलच्या तारा ओढल्या त्याला हे ऐकवलं गेलं. माझं डोकं फिरलं. "मग वीजही वाऱ्यावरून आणून देतो, म्हणजे झालं?" असं मी तावातावानं म्हणालो. अम्मांनी पळी खाली ठेवली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "सरी, बरें. आणा."

बायको मागून म्हणाली, "आली का अंगाशी?"

रिची स्ट्रीटच्या दुकानदारानं फोन हातात घेतला, ढेरीवरून अंगठा फिरवला आणि तमिळमध्ये म्हणाला, "सार, याला वायरलेस कशाला? याला रिटायर करा." मी म्हणालो, मी रिटायर झालोय आणि त्यात काही मजा नाही. त्यानं मग पापडासारखी एक पातळ चकती काढली. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, मागं काळा कागद, आणि एक चपटी पट्टी, तिच्या टोकाला चार्जरची पिन. पिन फोनच्या भोकात घालायची, पट्टी वळवून चकती कव्हरच्या आत बॅटरीच्या पाठीवर चिकटवायची. फोन चार्जरच्या गोल थाळीवर ठेवला की वीज आपली आपण येते. दुकानदाराकडं हे नीट चाललं, पण सडपातळ फोनवर.

आमच्या ढेरपोट्याच्या कव्हरात बॅटरीनंच सगळी जागा खाल्ली होती. मी दोन दिवस कव्हर आतून कानशीनं घासत बसलो. चकती बसली तर झाकण लागेना, झाकण लागलं तर चकतीची सुरकुती होऊन वीज येईना. शेवटी सगळं जमलं. थाळीवर ठेवल्यावर फोन ढेरीवर डुगडुगायचा, पण चार्ज व्हायचा. मी तो मोठ्या दिमाखात स्वयंपाकघरापाशी नेला. अम्मांनी तीन फुटांवरून थाळी न्याहाळली.

"ह्याला शेपूट आहे," त्या म्हणाल्या.

"शेपूट थाळीला आहे. फोनला नाही."

"फोन थाळीला शिवतो की."

त्यांच्या शास्त्रात माझा सरळ पराभव झाला होता, आणि गंमत म्हणजे मला तो पटला होता. त्या दिवसापासून मी, ज्यानं मुंजीनंतर जानवं खुंटीला टांगलं ते टांगलंच, तो मी सोवळ्यातल्या विजेचा विचार करत जागा राहू लागलो. मध्ये काहीतरी हवं. ओवळं पलीकडं जाणार नाही आणि वीज जाईल, असं काहीतरी.

अम्मांनी स्वतःच तोडगा काढला. मी घरात नसताना त्यांनी थाळीवर पूजेतली चांदीची ताटली ठेवली आणि ताटलीवर फोन. मी आलो तेव्हा थाळीवरचा दिवा लाल होऊन मिचमिचत होता आणि ताटली चांगलीच तापली होती. अम्मा खुशीत होत्या. "वीज आली. हात लावून बघा, किती ऊन!" मी ओरडलो की धातूतून ती येत नाही, अडकते, आणि अडकली की तापते. अम्मांनी ताटलीवर तुपाची वाटी ठेवून घेतली. तूप पातळ होईतो ताटली उचलायची नाही म्हणाल्या, आलेली वीज फुकट कशाला घालवा.

तेव्हा मात्र मी चिडलो. "अम्मा, या वयात हे कशाला? गुडघे धरून ओल्या फरशीवर बसता, कुणी हातभार लावलेला चालत नाही. घरात हे कुणाला हवंय? मला नको, तुमच्या लेकीला नको. देवाला तरी हवंय का, विचारलंत?"

अम्मा शांतपणे म्हणाल्या, "मज तरी कुठें हवें आहे? हे गेले तेव्हांच सोडणार होत्यें मी. गुडघे दुखूलालें, मज काय हौस आहे?"

"मग?"

"अक्का रोज विचारते. तिला मी जन्मांत कधीं खोटें बोलल्यें नाहीं. आतां तर तिला कळायचेंही नाहीं, मग कसें बोलूं?"

मी माझ्या फरशीवर उभा होतो. एवढ्या वर्षांत मी या बाईंना हट्टी, कर्मठ, जुनाट काय काय म्हणालो होतो, तोंडावर नाही तरी बायकोजवळ. मला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की मी कामाला लागतो, ही माझी खोड आहे.

लाकूड चालेल का, असं मी विचारलं. पाटावर बसलेल्याला जमिनीचं ओवळं लागत नाही, असं अम्मांनी सांगितलं. मग झालं! पाट उलटा करून खालून खोबणी पाडायची, थाळी त्या खोबणीत, आणि वर थालीपिठाएवढ्या जाडीचं लाकूड राखायचं. फोन वर पाटावर, रेशमी फडक्यावर. वीज खालून लाकडातून वर, आणि ओवळं खालच्या खाली. कपालीश्वराच्या देवळामागच्या गल्लीत एक सुतार आहे, त्याला मी चित्र काढून दिलं.

"यावर कोण बसणार?" त्यानं विचारलं.

"फोन."

त्यानं पेन्सिल कानामागं खोचली. "तुमच्या मुंबईकडे अशी पद्धत असते?"

मी हो म्हणालो. महाराष्ट्राची एवढी बदनामी मी आयुष्यात दुसरी केली नाही.

चार दिवसांनी पाट आला. खोबणी अगदी नेमकी होती, कडा गुळगुळीत. फोन ठेवला तर थाळीचा दिवा लाल. उचलून ठेवला, फिरवून ठेवला, तरी लाल. पाट तापू लागला. तेव्हा माझं लक्ष वर गेलं. पाट ओकाबोका दिसू नये म्हणून सुतारानं आपण होऊन मधोमध पितळेचं एक फूल ठोकलं होतं. पाकळ्या सुरेख होत्या. त्या उपटताना मला वाईट वाटलं. ते पाहून सुतारालाही वाटलं असतं, म्हणून त्याला बोलावलं नाही.

फुलाच्या जागी गोल खूण राहिली आणि तीच कामाला आली, कारण फोन बरोबर तिथंच टेकला तर वीज मिळायची, बोटभर सरकला की बंद. अम्मांनी त्या खुणेत कुंकू भरलं. फोन डुगडुगू नये म्हणून त्याच्याभोवती फडक्याची चुंबळ केली, हंड्याखाली करतात तशी. मग पाटाभोवती बारीक रांगोळीही येऊ लागली, कारण पाट मांडला आणि रांगोळी नाही हे त्यांच्या हाताला जमेना. समोर राहणाऱ्या मामी एका सकाळी वाटीभर साखर मागायला आल्या आणि आमचा फोन पाटावर, कुंकवावर, रांगोळीत बसलेला पाहून चपला दारातच काढून नमस्कार करून गेल्या. साखर न्यायची विसरल्या.

पण चालायला लागलं! आठ ते अकरा फोन पाटावर बसून बोलायचा आणि अकरा वाजता त्याच्यात आठपेक्षा जास्त वीज असायची. एकच कुरबूर राहिली होती. दुपारी फोन पिशवीत सरकवताना चकतीच्या पट्टीची पिन भोकातून निसटायची आणि पुन्हा नीट बसवायला माझी अर्धी सकाळ जायची. जे सुटतं ते कायमचं बांधून टाकावं, हा आमच्या खात्याचा बाणा. मी पिनेला डिंक लावून ती भोकात चिकटवून टाकली. परत सुटली नाही. बायको म्हणाली, "आता कधी वायर लावायची वेळ आली तर?" मी म्हणालो, "वायरचे दिवस गेले." हे मी अगदी याच शब्दांत म्हणालो होतो आणि ती ते विसरलेली नाही.

दोनेक महिने गेले. एका सकाळी नऊच्या आधीच कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरनं मोठा आवाज केला आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. आमच्या इन्व्हर्टरवर दोन दिवे आणि एक पंखा आहे, स्वयंपाकघरातला प्लग नाही. पाट नुसता पाट झाला. आदल्या रात्री फोन वेगळा चार्जही केलेला नव्हता. पाट आहे म्हणून आम्ही ती सवयच सोडली होती.

अक्का त्या दिवशी फार गोंधळलेल्या होत्या. सगळा स्वयंपाक सांगून झाला की पुन्हा पहिल्यापासून विचारत. लेकीचा आवाज मधून मधून मागून येत होता, "काल रात्रीही जेवली नाही, मावशी." अम्मांचा भात अजून शिजत होता. नैवेद्याशिवाय 'आतां जेव' म्हणायचं नाही, आणि म्हटलंच तरी अक्कांना ते खरं वाटत नसे. नैवेद्याच्या घंटेचा आवाज ऐकायला त्या थांबत. दहाच्या सुमाराला फोन कुंईकुंई करू लागला. मी फरशीवरून मान लांब करून पाहिलं. तीन टक्के.

माझ्याकडे पॉवर बँक होती. ती बसमध्ये, हॉटेलात, सगळीकडे माझ्या खिशातून फिरते. ओवळेपणात तिचा नंबर माझ्यानंतर लगेच लागला असता. मी ती घेऊन फरशीवर आलो आणि पुढं धरली. अम्मांनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या लोंबणाऱ्या वायरकडं पाहिलं. मग भाताच्या भांड्याकडं. मग म्हणाल्या, "या आंत."

मी उंबरा ओलांडला. इतक्या वर्षांत सकाळच्या वेळी पहिल्यांदाच. फोन हातात घेतला आणि तेव्हा मला आठवलं. वायर लावायची कुठं? भोकात माझी पिन होती, डिंकानं चिकटवलेली, माझ्याच हातांनी, कायमची.

मी नखानं ओढली. ती हलेना. कव्हर ओढलं, पट्टी ताणली, पट्टी तुटली आणि पिन तिथल्या तिथं. तिकडं अक्का विचारत होत्या, "चिंच किती घातलीस?" आणि अम्मा सांगत होत्या, "लिंबाएवढी, अक्का, लिंबाएवढी." आवाज हलू न देता सांगत होत्या, पण डोळे माझ्या हाताकडं होते. दोन टक्के. एवढं शिकलेला, एवढ्या तारा जोडलेला माणूस, आणि एका म्हातारीच्या दोन घासांच्या आड मीच येऊन बसलो होतो.

अम्मांनी चुलीवरची सांडशी उचलली आणि माझ्या हातात दिली. सोवळ्यातली सांडशी. देताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. त्यांनी ती मागं घेतली नाहीत.

सांडशीत पिन धरून मी पिळली. कटकन आवाज झाला आणि ती निघाली, सोबत भोकाची एक बाजूही थोडी फाकली. वायर खुपसली तर विजेची खूण दिसायची आणि जायची. एका ठरावीक कोनात दाबून धरली तरच टिकायची. मी धरली. अम्मांनी माझा हात बाजूला केला, पाटाशेजारी बसल्या आणि वायर स्वतःच्या हातात दाबून धरली.

"भात तुम्ही बघा," त्या मला म्हणाल्या.

मी सोवळ्यातला भात उतरवला. अम्मांनी सांगितलं त्या वाटीत वाढला, देवापुढं नेऊन ठेवला, पाणी फिरवलं, आणि त्यांनी मानेनं खूण केली तेव्हा घंटा वाजवली. बायको दारात उभी राहून हे बघत होती.

घंटा थांबली. मग अक्कांचा आवाज आला, पुन्हा पहिल्यापासून, जणू आताच आठ वाजले होते.

"मडींत आहेस की नाहीं?"

अम्मांच्या एका हातात वायर होती. मांडीवर माझी पॉवर बँक होती. मी त्यांच्या इतका जवळ उभा होतो की माझ्या धोतराची कड त्यांच्या नऊवारीला लागत होती. मला वाटलं आता त्या गप्प राहतील, किंवा रडतील, किंवा अक्कांना खरं काय ते सांगतील आणि तिकडं ताट तसंच राहील.

"आहे, अक्का," अम्मा म्हणाल्या. "मडींतच आहे. आतां जेव."

पलीकडं ताट ओढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसतं जेवल्याचं ऐकू येत होतं. अम्मा ऐकत बसल्या होत्या, आणि अक्कांचं जेवण पुरं होईपर्यंत त्यांनी वायर सोडली नाही.